ओढीच्या ट्रकास पंप कोणता?

अमेरिकेच्या शेतीप्रधान भागांत, विशेषतः ओहायो, इंडियाना, इलिनॉय या राज्यांत, उन्हाळ्याच्या जत्रांतून एक विलक्षण स्पर्धा भरते. चिकणमाती दाबून केलेल्या पट्ट्यावर एखादा ट्रॅक्टर किंवा ट्रक उभा करतात, त्याच्या मागें सांखळीनें एक लोखंडी घसरगाडी जोडतात आणि ती जास्तींत जास्त दूर ओढून न्यावयाची असते. घसरगाडीवर वजनाची एक पेटी असते. आरंभीं ती मागच्या चाकांवर असते. पण गाडी जसजशी पुढें जाते तसतशी ती पुढें सरकते आणि सारा भार जमिनीवर घासणाऱ्या पुढच्या भागावर येऊन पडतो. म्हणजे वाट सरते तसें ओझें वाढतें. ही युक्ति निघण्यापूर्वी पट्ट्याच्या कडेला माणसें ओळीनें उभीं रहात आणि घसर जवळ आली कीं एकेक जण तिच्यावर चढत असे! साधारणतः ३०० फूट अंतर तोडलें म्हणजे ‘पूर्ण ओढ’ झाली असें मानतात. ओहायोंतील बोलिंग ग्रीन या गांवीं १९६७ सालापासून या खेळाचा राष्ट्रीय सामना भरूं लागला, आणि १९६९ सालीं नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन ही संस्था स्थापन होऊन त्याला लेखी नियम मिळाले.

आरंभीं हा खेळ ट्रॅक्टरांचा होता. पुढें डिझेलवर चालणारे पिकअप ट्रकहि त्यांत उतरले. एका ओढीस जेमतेम दहा-पंधरा सेकंद लागतात. परंतु त्या सेकंदांसाठीं कित्येक शेतकरी आणि कारागीर हिंवाळाभर आपल्या शेडमध्यें खपत असतात आणि घरखर्चांतून वांचविलेला पैसा एंजिनांत ओतीत असतात. अशा माणसापुढें सर्वांत आधीं जो प्रश्न उभा राहतो तो इंधनाच्या पंपाचा. त्याचें सोपें वाटणारें उत्तर असें कीं, मिळेल तो सर्वांत मोठा पंप घ्यावा. हेंच उत्तर पुष्कळांचीं एंजिनें वितळवितें. तें कां, हें समजून घेतलें म्हणजे डिझेल एंजिनाचें सारें मर्मच हातीं येतें.

पेट्रोलच्या एंजिनांत इंधन व हवा एकत्र दाबून त्यांस विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेल एंजिनाची रीत निराळी. तेथें पिस्टन केवळ हवा दाबतो, आणि ती दाबली जाऊन इतकी तापते कीं इंधनाचा फवारा आंत शिरतांच पेट घेतो. ठिणगी नाहीं, आणि सामान्यतः हवेला आडकाठीहि नाहीं. एंजिन हळू चालवावयाचें असो वा जोरांत, कमीअधिक होतें तें फक्त इंधन. म्हणून इंधनाचा पंप हा डिझेल एंजिनाचें हृदयहि आहे आणि लगामहि आहे. त्याला तीन कामें एकदम करावीं लागतात: इंधन नेमकें मोजणें, तें प्रचंड दाबानें ढकलणें, आणि तें अचूक क्षणीं पोंचविणें.

रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी करून दाखविलें, तेव्हां इंधन आंत घालण्यासाठीं दाबलेल्या हवेचा झोत वापरीत. त्यासाठीं एंजिनाबरोबर जड कॉम्प्रेसर बाळगावा लागे. त्यामुळें तें कारखान्यांत किंवा जहाजावरच शोभे. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२२ च्या सुमारास पंपाचें काम हातीं घेतलें आणि १९२७ सालीं एका रांगेंत प्लंजर असलेला पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. डिझेलची रस्त्यावरील वाट त्यामुळें सुकर झाली.

या रांगेच्या पंपाची रचना ध्यानांत आणण्यास रंगपंचमीची पिचकारी आठवावी. सहा सिलिंडरांच्या एंजिनाला सहा पिचकाऱ्या एका रांगेंत बसविल्या आहेत आणि खालून एक फिरता दांडा आपल्या उंचवट्यांनीं त्यांचे दट्टे एकामागून एक वर ढकलीत आहे, अशी कल्पना करावी. हे दट्टे म्हणजेच प्लंजर. प्रत्येक प्लंजर दर वेळीं सारखाच वर-खालीं होतो; मग इंधन कमीजास्त कसें होतें? प्लंजराच्या अंगावर एक तिरपी खांच असते. ती बाजूच्या छिद्रासमोर आली कीं दाब सुटतो व फवारा थांबतो. रॅक नांवाची एक दांतेरी पट्टी सर्व प्लंजरांना एकदम थोडेंसें फिरविते आणि त्यामुळें ती खांच छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते. वेग भलताच वाढला तर रॅक मागें ओढून इंधन आखडण्याचें काम गव्हर्नर करतो.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. डिझेल पिकअपांच्या ओढींत ज्याचें नांव वारंवार ऐकूं येतें तें एंजिन म्हणजे इंडियाना राज्यांतील कमिन्स कंपनीचें, ५.९ लिटर क्षमतेचें, सहा सिलिंडरांचें. कमिन्स हें नांव पुण्याच्या मंडळींस नवें नाहीं; १९६२ सालीं किर्लोस्कर समूहाच्या भागीदारींत या कंपनीनें तेथें एंजिनांचा कारखाना काढला. वर सांगितलेलें एंजिन १९८९ सालच्या डॉज पिकअपांत बसूं लागलें, तेव्हां त्याची शक्ति होती १६० अश्वशक्ति. पुढच्या वर्षांत त्याच्यावर एकामागून एक चार प्रकारचे पंप आले, आणि आजचा ओढीचा शौकीन मुख्यतः यांचाच विचार करतो.

पहिला व्ही.ई. पंप १९९३ पर्यंत होता. त्यांत सहा सिलिंडरांना मिळून एकच प्लंजर. तो फिरतां फिरतां मागें-पुढें होऊन सहा नळ्यांना आळीपाळीनें इंधन वांटतो. दुसरा पी-७१००, हा १९९४ ते १९९८ या काळांतला. हाच तो रांगेचा पंप, त्यांत सहा स्वतंत्र प्लंजर. तिसरा व्ही.पी.-४४, १९९८ ते २००२ पर्यंतचा. हाहि वांटपी पंप, पण त्याचें नियंत्रण विजेच्या सूक्ष्म यंत्रणेकडे. चौथा सी.पी.-३, हा २००३ पासूनचा. याची पद्धतच वेगळी. हा पंप इंधन एका जाड सामाईक नळींत दाबून ठेवतो आणि प्रत्येक सिलिंडरावरील इंजेक्टर विजेच्या इशाऱ्यानें उघडतो. गच्चीवर टांकी असावी आणि घरोघरचे नळ हवे तेव्हां उघडावेत, तशी ही व्यवस्था.

यांतून निवड करण्यापूर्वी थोडें गणित मांडलें पाहिजे. एंजिनापासून १००० अश्वशक्ति हवी आहे असें धरूं. ओढीच्या वरच्या वर्गांत हा आंकडा माफकच ठरतो. १००० अश्वशक्ति म्हणजे ७४६ किलोवॅट. दर किलोवॅटला तासाचें २५० ग्रॅम डिझेल धरलें तर तासाला सुमारें १८६ किलो, म्हणजे जवळजवळ २२२ लिटर लागेल. एंजिन मिनिटास ४००० फेरे फिरत आहे असें समजूं. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडराला एकदां इंधन मिळतें. तेव्हां सहा सिलिंडरांचे मिळून तासाला ७,२०,००० फवारे झाले. भागाकार केला कीं एका फवाऱ्याला सुमारें ३०८ घनमिलिमीटर इंधन येतें. हाच हिशेब मूळच्या १६० अश्वशक्तीला, मिनिटास २५०० फेरे धरून केला, तर उत्तर येतें ८० च्या आसपास. म्हणजे इंधन चौपट लागणार.

पण केवळ चौपट इंधन लागतें एवढ्यावर गोष्ट संपत नाहीं. इंधन उपयोगीं पडावयाचें तर तें पिस्टन वरच्या टोंकाच्या जवळपास असतांनाच जळलें पाहिजे. पिस्टन खालीं उतरूं लागल्यावर बराच वेळ फवारा चालूं राहिला तर त्याची उष्णता कामीं न येतां निकासाच्या नळींतून निघून जाते. समजा, क्रँक ३० अंश फिरेपर्यंत फवारा आटोपावयाचा आहे. मिनिटास २५०० फेऱ्यांना हे ३० अंश सरण्यास एका सेकंदाचा पांचशेवा भाग लागतो. ४००० फेऱ्यांना आठशेवा भाग. चौपट माल पोंचवावयाचा, आणि वेळ पूर्वीच्या पांचअष्टमांश! पंपाची खरी कसोटी येथें लागते. म्हणून पंप किती देतो, याच्या जोडीला तो किती थोड्या वेळांत देतो, हेंहि विचारलें पाहिजे.

या कसोटीला व्ही.ई. पंप मागें कां पडतो तें आतां उघड होईल. ४००० फेऱ्यांना पंप स्वतः २००० फेरे फिरतो. पी-७१०० मधील प्रत्येक प्लंजराला मिनिटाला २००० खेपा कराव्या लागतात; व्ही.ई. मधील बिचाऱ्या एकुलत्या एका प्लंजराला १२,०००. साध्या वापराला तो गुणी पंप आहे, पण या हमालीचा नव्हे. व्ही.पी.-४४ हाहि वांटपी असून त्याचें वंगण व थंडावा दोन्ही इंधनावरच अवलंबून असतात. टांकीकडून येणारा पुरवठा क्षीण झाला कीं तो लवकर बिघडतो. पी-७१०० ला वंगण मिळतें एंजिनाच्या तेलाचें. त्याचे सहा प्लंजर स्वतंत्र, आणि सारी रचना दांडे, स्प्रिंगा व पट्ट्या यांची असल्यामुळें पान्हा घेऊन समजण्यासारखी. म्हणूनच १९९८ नंतरच्या एंजिनांवर मूळचा पंप काढून मुद्दाम हा जुना पंप चढविणारे अनेक आढळतात.

मग प्लंजर किती जाड हवा? मूळ पी-७१०० मध्यें १२ मिलिमीटर व्यासाचे प्लंजर असतात. त्यांचें क्षेत्रफळ सुमारें ११३ चौरस मिलिमीटर. म्हणजे ३०८ घनमिलिमीटर इंधनासाठीं प्लंजराला प्रत्यक्ष दाब देत सुमारें २.७ मिलिमीटर चढावें लागेल. प्लंजर १३ मिलिमीटरचा केला तर तेंच काम २.३ मिलिमीटरांत होतें. व्यास एकानें वाढला, पण क्षेत्रफळ सतरा टक्क्यांनीं. फवारा तितका लवकर आटोपला. मोठ्या प्लंजराचा खरा लाभ हा आहे. मात्र त्याला दुसरी बाजूहि आहे. जाड प्लंजर ढकलतांना पंपाच्या दांड्यावर व दांत्यांवर अधिक ताण पडतो, आणि नोझलांचीं छिद्रें बारीकच ठेवलीं तर नळ्यांतील दाब भलता वाढून फुटतूट होते. पंप, नळ्या आणि नोझलें यांची निवड एकाच बैठकींत झाली पाहिजे, ती याकरितां.

प्लंजराच्या माथ्यावर डिलिव्हरी व्हॉल्व्ह असतो. फवारा संपतांच नळींतील थोडें इंधन तो मागें ओढून घेतो. त्यामुळें नोझल टणकन् मिटतें, ठिबकत नाहीं. अधिक प्रवाहासाठीं मोकळ्या वाटेचे व्हॉल्व्ह घालतात. परंतु मागें ओढण्याचा त्यांचा गुण फार कमी झाला तर फवारा संपल्यावरहि नोझल ठिबकतें, आणि तें उशिराचें इंधन धूर व उष्णता यांखेरीज कांहीं देत नाहीं. गव्हर्नरचेंहि असेंच. मूळच्या स्प्रिंगा २५०० फेऱ्यांच्या सुमारास इंधन आखडूं लागतात. ४००० फेरे हवे असतील तर कडक स्प्रिंगा घालाव्या लागतात. पण त्याआधीं एंजिनाच्या व्हॉल्व्हांच्या स्प्रिंगा, क्रँक, जोडदांडे हे तो वेग सोसतील कीं नाहीं, हें पहावयास हवें.

तिसरा मुद्दा क्षणाचा. इंधन पेट घेण्यास थोडा वेळ लागतो. म्हणून वेग जितका जास्त तितका फवारा आधीं सुरू व्हावा लागतो. या एंजिनावरील पी-७१०० चा क्षण मात्र एकदां बसविला कीं कायम. तो मोठ्या वेगासाठीं पुढें ओढला तर एंजिन थंडींत सुरू होण्यास कुरकुर करतें, हळू चालतांना ठोके देतें, आणि भाराखालीं सिलिंडरांतील दाब वाढून हेड गॅस्केट उडण्याची भीति असते. ओढीपुरत्याच गाडीला हें सोसवेल. जिच्यांतून उद्यां बाजारलाहि जावयाचें आहे तिला सोसणार नाहीं.

सामाईक नळीच्या पद्धतींत ही अडचण नाहीं. तेथें दाब एंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो; २००३ च्या एंजिनांतच तो १६०० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सोळाशें पटींच्या घरांत, जात असे. क्षण व मात्रा दोन्ही विजेच्या इशाऱ्यानें क्षणोक्षणीं बदलतां येतात. मात्र टांकी भरण्यापेक्षां नळ मोठे झाले तर काय होईल? मोठे इंजेक्टर घातले आणि पंप एकच राहिला, तर ऐन ओढींत नळींतील दाब खालीं येतो आणि फवारा ढिला पडतो. म्हणून मोठ्या शक्तीसाठीं दोन, क्वचित् तीन सी.पी.-३ जोडतात. त्यांचा खर्च आहे, आणि संगणकांतील कोष्टकें बसविणारा जाणता मनुष्यहि हवा. ज्याचें एंजिन मुळांतच या पद्धतीचें आहे आणि असा मनुष्य ज्याच्या हाताशीं आहे त्यानें हा मार्ग धरावा. इतरांस रांगेचा पंप बरा.

एवढें झालें तरी खरा अधिपति अजून बाजूलाच आहे. तो म्हणजे हवा. चुलींत लाकडें ठासून भरलीं म्हणजे जाळ वाढत नाहीं, धूर वाढतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. एक किलो डिझेल नीट जाळण्यास वीस किलो हवा धरली, तर वरच्या हिशेबानें मिनिटाला ६२ किलो हवा लागेल. ५.९ लिटरचें एंजिन ४००० फेऱ्यांना स्वतःच्या श्वासानें मिनिटाला साधारण १४ किलोच ओढूं शकतें. म्हणजे टर्बोचार्जरनें हवा दाबून, आणि मग बर्फाच्या पाण्यानें थंड करून, तिची घनता साडेचार पटींच्या घरांत नेली पाहिजे. स्पर्धेच्या कांहीं वर्गांत टर्बोच्या मुखाचा व्यास २.६ किंवा ३ इंचांपुरताच ठेवावा लागतो. त्या मुखांतून जेवढी हवा शिरेल तेवढेंच इंधन जळणार. त्याहून मोठा पंप म्हणजे निव्वळ काळा धूर. हा धूर निरुपद्रवी नसतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें आणि ओढींत निकासाच्या वायूंचें तापमान याच्याहि पुढें जातें. थोडा वेळ आणि खालून उडणारें तेल, यांच्या आधारावरच अॅल्युमिनियमचे पिस्टन तगून असतात. इंधनाचा अतिरेक तो आधार काढून घेतो.

शेवटीं सर्वांत गंभीर गोष्ट. पी-७१०० सारखा यांत्रिक पंप चालण्यास वीज लागत नाहीं. त्याचा रॅक कचऱ्यानें किंवा वांकल्यामुळें पूर्ण उघडा अडकला, तर किल्ली फिरवून एंजिन थांबेलच याची खात्री नाहीं. वेग बेफाम वाढून लोखंडाचे तुकडे उडूं शकतात, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस मुलांबाळांसह प्रेक्षक बसलेले असतात. म्हणून मोठ्या संघटनांच्या नियमांत डिझेल गाड्यांच्या हवेच्या मार्गांत एकदम बंद होणारी झडप सांगितली आहे. तिची दोरी मागच्या घसरगाडीला बांधलेली असते. सांखळी तुटून गाडी सुटली कीं दोरी ओढली जाते, हवा बंद होते, आणि एंजिनाला विझण्यावांचून गत्यंतर रहात नाहीं. ज्यानें पंपावर पैसे खर्चिले पण ही झडप तपासली नाहीं, त्यानें घोडा घेतला आणि लगाम दुकानांतच ठेवला असें म्हणावें लागेल.

तेव्हां निवडीचा क्रम असा लागतो. आधीं आपण कोणत्या वर्गांत उतरणार आणि त्याचे नियम काय, तें वाचावें. त्यांतून टर्बो ठरतो, टर्बोंतून हवा ठरते, हवेंतून इंधनाची मात्रा ठरते. मात्रा व वेग यांवरून फवाऱ्याचा अवधि निघतो. आणि अवधीवरून प्लंजर, व्हॉल्व्ह व नोझलें ठरतात. टांकीकडून पंपापर्यंतचा पुरवठा त्या मानानें वाढवावा. मग पंप चाचणीच्या बाकावर चढवून सहाहि नळ्यांतून सारखें इंधन येतें कीं नाहीं, हें मोजून घ्यावें. कारण सरासरी बरोबर असली आणि एका नळींतून मात्र जास्त येत असलें, तर वितळतो तो त्याच सिलिंडराचा पिस्टन. या क्रमांत पंपाचें नांव जवळजवळ शेवटीं येतें, आणि बहुतेक खरेदी मात्र त्याच नांवापासून सुरू होते. मातीच्या पट्ट्यावर ३०० फुटांच्या खुणेपाशीं पोंचणारी गाडी बहुधा अशा माणसाची असते, ज्यानें पैशाची थैली सोडण्यापूर्वी कागद-पेन्सिल हातीं घेतली होती.